तीन सेकंद

आमच्याकडे डिश, पलीकडे केबल.
म्हणून कलावती काकीच्या घरात
प्रत्येक माणूस तीन सेकंद आधी मरतो.

भिंत एकच. वाटणीत घातलेली,
साडेचार इंची, गिलावा राहूनच गेला.
माग आठ होते, चार-चार झाले,
मग दोन-दोन, मग भंगाराच्या टेम्पोत शून्य-शून्य.
भिंत तेवढी पुरी उरली.

साडेआठला 'बारा ताटं' लागतं. पर्व दुसरं.
आई मांडीवर सूप घेऊन बसते,
ओल्या फडक्यात पानं, डबीत दोरा.
जाहिरातीत पानं कापायची, गोष्टीत विड्या वळायच्या,
बोटांना बघावं लागत नाही.
पडद्यावर रत्नपारखींचं घर:
एकवीस माणसं, ताटं मात्र बाराच, कुणी विचारत नाही.
सुना शालू नेसून झोपतात
आणि पाचव्या दिवसाच्या पाण्यासाठी
कुणी पहाटे उठत नाही.
मी हसायचो.
"हस की," आई म्हणायची, "तुझ्या बापाला पण वाटायचं,
भांडणं टीव्हीतच होतात म्हणून."

जुलैत थोरल्या सुनेनं मृत्युपत्र बदललं.
गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात
आजोबांचा श्वास चार भाग अडकून होता,
तर आई होम मैदानावर आलीच नाही.
पाळणे काय, पुढच्या वर्षी पण फिरतील.
ते गेले त्या रात्री
भिंतीतून आधी काकीचं "अय्यो" आलं,
आईचे डोळे भरले,
आणि आमच्या पडद्यावर आजोबा
अजून पाणी मागत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात
चेकरनं दीडशे विड्या छाट काढल्या.
"काय भूदेवीबाई, हात थरथरू लागला का?"
"घरात मयत झालं," आई म्हणाली.
तो बिचारा सॉरी म्हणाला.

अकरा वर्षं बोलणं नाही.
मार्कंडेयाच्या रथाला नाही,
माझ्या बारावीच्या पेढ्याला नाही.
पण काकी कुठल्या सुनेच्या बाजूनं आहे
ते आवाजावरनं कळतं.
आई मुद्दाम दुसरीच्या बाजूनं असते.

मार्चमध्ये पलीकडे सामसूम झाली.
केबलचं बिल थकलं असेल, नाहीतर सेट जळाला,
विचारणार कोण.
दोन दिवस आईचा अंदाज चुकत राहिला.
मरणं अचानक येऊ लागली,
बोटांत पानं फाटू लागली.
तिसऱ्या दिवशी तिनं रिमोट घेतला
आणि आवाज बारावरून चोविसावर नेला.
"ऐकू येईना का गं तुला?"
"पंख्याचा आवाज येतोय."
पंखा बंद होता. तंबाखू उडते म्हणून
आमचा पंखा उन्हाळाभर बंदच असतो,
बेचाळीस डिग्रीत.

पलीकडे पाट सरकल्याचा आवाज आला.
मग सूप टेकल्याचा,
अगदी भिंतीला लागून.

शेवटच्या भागात रत्नपारखी एकत्र जेवले.
तुपाची धार, सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं.
मला पटलं नाही. आईलाही.
"असं कुठं असतंय," म्हणत तिनं टीव्ही बंद केला,
कट्टे मोजले. चाळीस.
पलीकडेही कुणीतरी मोजत होतं,
तेलुगूत, हळू,
एकतीसवर येऊन थांबलं.

पहाटे चारला नळ फुसफुसला.
आई घागर घेऊन दारात गेली
आणि गल्लीकडे तोंड करून,
म्हणजे कुणालाच नाही, ओरडली,
"नीळ्ळु वच्चिनय्!"
पाणी आलं.
पलीकडचा दिवा लागला,
किती सेकंदांनी ते मोजायचं राहिलं.
आमचा पाइप मधेच फाटलाय,
मला उठून तिथं
अंगठा धरून बसावं लागतं.