दाराबाहेरचं

हौसाबाई अवघडे सव्वासातला
आमच्या धनकवडीच्या जिन्यात येतात.
तीन मजले, बारा दारं,
दाराबाहेर बादल्या. ओलं, सुकं.
बेल वाजवत नाहीत, आत डोकावत नाहीत.
तरी परवा म्हणाल्या,
"सातमधी कोणतरी आजारी हाय."
इलेक्ट्रॉलची पाकिटं, मोसंब्याची सालं,
भात तसाच.

मी पाषाणला पेशी मोजते.
तिथंही हेच.
पेशीच्या आत जे जे शिजतं
त्याचे तुकडे, आठ-नऊ मण्यांचे,
ती वाटीत धरून बाहेर ठेवते.
निवडत नाही, झाकत नाही.
विषाणू शिरला, तिच्याच चुलीवर
स्वतःची भांडी चढवून बसला,
तरी त्याचं खरकटं बाहेर येतंच.

टी-पेशी येते, वाटी चाचपते.
आत बघायला तिला डोळे नाहीत.
घरचंच असलं, तर पुढचं दार.
नसलं, तर थांबते.

पुढचं मी काचेखाली पाहिलंय.
लढाई वगैरे म्हणू नये त्याला.
ती टेकते. बारीक भोकं पाडते.
समोरची थरथरते, आकसते,
मग स्वतःच स्वतःच्या पुड्या बांधते,
शेजारणीच्या भिंतीला डाग नाही.

छातीच्या हाडामागे यांची शाळा.
शंभरातल्या दोन-तीन पास होतात.
घरचंही ज्यांना परकं वाटलं, त्या संपल्या.
ज्यांच्या बोटांना काहीच कळलं नाही, त्याही.
हौसाबाईंना विचारलं, तुम्ही कुठं शिकलात?
"उकिरड्यावर. सासूनं. काच लई लागायची."

काही विषाणू बिलंदर.
वाटीच बाहेर येऊ देत नाहीत.
मग टी-पेशी तशीच निघून जाते.
रिकामं दार खटकणारी पेशी निराळी,
आमच्या कपाटात तिची फाईलही निराळी.

हे मी जिन्यात सांगत होते,
हौसाबाईंचं लक्ष नव्हतं.
त्या अकरा नंबरापुढे.
पानवलकर, एकटेच असतात.
दोन दिवस बादली नाही.

गावाला गेले असतील, मी म्हटलं.
"चपला हायत की."

चार वर्षांत पहिल्यांदा
त्यांनी एका दाराची बेल दाबली.
हातमोजा काढून.
परत दाबली.
मग माझ्याकडे वळून,
"किल्ली कुणापाशी असती हो?"