जबानी

लिहा साहेब. बिसन झिंगर नान्हे,
वय पासष्ट असंल, राहणार मुंडीटोला.
वर पाह्यलोच नाही मी.
डोंग्यात वाकून शिंगाडे तोडत होतो,
तं जे पाह्यलो, ते पाण्यात पाह्यलो.

दोन इमानं. रोजचीच.
शिकाऊ पोट्ट्यांची, टोल्यावरून गोल फिरतेत.
गिरणीसारखा त्यांचा आवाज,
बंद पडला तरच ऐकू येते.

एक वेलीखालून निघालं,
एक पाळीकडून.
दोन मरळ अशाच समोरासमोर येतेत
अन् बोटभर अंतरावर वळतेत.
मले वाटलं, हेही वळतीन.

उजवीकडून कोणतं आलं, विचारता.
पाण्यातलं उजवं सांगू, का आभाळातलं?

आधी पाणी तडकलं. बिनआवाजाचं.
मंग बगळे उठले.
आवाज त्याच्याही मागून आला.
बांधीत धान कापणाऱ्या बाया पळाल्या,
दूर नाही साहेब,
तिकडंच.

पेंढ्यांवर एक चाक फिरतच होतं.
सकून मारबते त्याच्यावर हात ठेवून बसली,
थांबेपर्यंत.

एक वही मी आणून दिलो, ओली.
मास्तरानं वाचली: अडतीस तास, वीस मिनिटं.
खाली पट्टीनं रेघा मारलेल्या,
पुढच्या पानावरही,
त्याच्याही पुढच्या.
पोरीचं अक्षर वाटते.

माशांसारखं वळले असते तं
मी काहीच पाह्यलो नसतो.

तीन दिवस झाले, आता वर पाहत तोडतो.
शिंगाड्याले ते चालत नाही.

अंगठा कुठं द्यायचा?
हा नको.
याच्यात काटा मोडला आहे.