चौदा सेंटिमीटर

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
आमचा पोंतू मात्र डोळे सताड उघडे ठेवून,
माझ्याकडे बघत बघत
मीसूची बशी चाटून लख्ख करतो
आणि वर शेपूट हलवतो,
भांडी घासायला मीच ठेवलाय जणू त्याला.

आधी बशी चुलीवरच्या फळीवर ठेवली.
मीसूनं फळीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
सोळा वर्षांची झाली ती, कंबर गेलीय.
मलाच तिथवर हात नेताना
खांदा सांभाळावा लागतो, तर तिचं काय.
मग लाइदाच्या शिवणयंत्रावर ठेवली, खाली स्टूल टाकून.
मीसूसाठी केलेली पायरी
पोंतूनंही पायरीच समजली.

कुरेसारेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर चढवलं.
बेचाळीस किलो.
“काल्यो, हा कुत्रा आहे की फेरीबोट?”
मी तीस वर्षं मूहूच्या फेरीवर इंजिनं सांभाळली.
फेरीबोट इतकं खात नाही,
हे त्यांना सांगितलं नाही.

शेजारची वाइके म्हणाली, वेळ ठरवून दे,
वीस मिनिटांनी बशी उचल.
पण मांजराला घड्याळ कोण शिकवणार?
मीसू दोन घास खाते, खिडकीत जाते,
गोठलेल्या समुद्राकडे बघत कसलासा विचार करते,
तासाभरानं तिसऱ्या घासाला येते.

शेवटी मी करवत काढली.

कोठीचं दार सासऱ्यांनी केलेलं, पाइनचं,
एकही खिळा न ठोकता.
लाइदा असती
तर करवत माझ्या हातात टिकली नसती.
मीसूच्या मिशा टेपनं मोजल्या,
या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा सेंटिमीटर.
दाराच्या तळाशी तेवढंच गोल भोक पाडलं,
कडा काचकागदानं घासल्या,
बोट फिरवून पाहिलं, कुसळ राहिलं नाही ना.
बशी आत. दाराला कडी.

पहिल्याच रात्री पोंतूचं डोकं अडकलं.
कान आत गेले ते बाहेर येईनात.
घरात तेल म्हणजे किलू मासळीच्या डब्यातलं,
तेच त्याच्या मानेला चोळत बसलो,
पहाटे तीन वाजता, पायजम्यावर.
सुटला,
आणि पुढचे दोन दिवस
स्वतःलाच चवीनं चाटत होता.

त्यानंतर तो भोकाकडे पाठ करून झोपू लागला.
वाइकेला बोलावून दार दाखवलं.
थोडं मिरवलं, खोटं कशाला बोलू.

जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा.
बशी रोज रिकामी.
मीसू तेवढीच, मूठभर हाडांची.
पोंतूच्या गळपट्ट्याचं मात्र
आणखी एक घर सैल करावं लागलं.

काल झोप येईना.
दिवा न लावता पाणी प्यायला उठलो.
कोठीच्या दाराशी पोंतू बसलेला, ताठ,
रविवारी चर्चमध्ये बसावं तसा.
भोकातून एक पंजा बाहेर आला,
पांढरा मोजा घातलेला,
आणि माशाचा एक तुकडा
सरकवत, सरकवत
लाकडी जमिनीवर ढकलून
परत आत गेला.
मग दुसरा तुकडा.

कुंपणच शेत खातं, इथवर ठीक.
इथे तर शेतच चालत कुंपणापलीकडे निघालेलं.

अकरा वर्षं लाइदा मला जेवताना बजावायची:
काल्यो, टेबलावरचं काही देऊ नकोस त्याला,
बिघडवशील.
आणि तिचा डावा हात अकरा वर्षं
टेबलक्लॉथखाली.
मला वाटायचं, गुडघा दुखतो,
चोळत असेल.

पाणी न पिताच मागे फिरलो.
पायाखालची फळी करकरली.
दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.

आज बशीत एक मासा जास्त घातला.
डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं
ते मार्चमध्ये बघू.