इथे तसं घडत नाही

रात्रीचे साडेदहा. तोर्शाव्हनमध्ये जूनचा उजेड अजून
खिडकीत रेंगाळतोय,
घरी जा म्हटलं तरी न जाणाऱ्या शेजारच्या पोरासारखा.
रान्वा भांडी विसळते, हात पुसते,
लॅपटॉप उघडते.
तीनशे बारा तक्रारी. काल तीनशे नऊ होत्या.

पहिली म्हणते : चालत नाही.
बस, दोन शब्द.
वैद्याच्या दारात येऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणावं
आणि नाडी दाखवायच्या आत निघून जावं, तसं.
दुसरीत उद्गारचिन्हंच सात.
तिसरा कुणी योरित, अगदी संकोचून कळवतो
की माहितीपत्रकात एक अक्षर गळलंय,
आणि ते अक्षर सोबत जोडतो.
ती लगेच स्वीकारते.
अशा माणसांवर जग चाललंय, असं तिला
दिवसातून एकदा तरी वाटतं.

बारा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या आजारपणात,
उशाशी जागं राहायचं म्हणून लिहिलेला हा प्रोग्राम :
गाव सांगा, तारीख सांगा,
भरती-ओहोटीची वेळ घ्या.
फुकट. कुणीही न्यावा, कुणीही उघडून बघावा.
नवरा गेला. प्रोग्राम राहिला.
कुठल्या कुठल्या बंदरांत, कुणाकुणाच्या खिशात तो आहे
तिला ठाऊक नाही.
बिघडला की मगच लोक लिहितात.

आज एक दुरुस्ती आली आहे, चिलोए बेटावरून.
चिली. पृथ्वीचा पार खालचा काठ.
नाव एलिएसेर मियालोन्को.
अकरा ओळी. चाचणी एकही नाही.
नावं सगळी स्पॅनिश, मोकळ्या जागा वाट्टेल तशा,
एक कंस उगाच दोनदा.
‘कृपया चाचणी जोडा’,
हे वाक्य रान्वाच्या बोटांना पाठ आहे.
बोटं निघतातही.

मग ती खालचा मजकूर वाचते.

‘आमचं सरकार घड्याळ बदलायची तारीख
अधूनमधून बदलतं. तुमच्या प्रोग्रामला ते कळत नाही.
तुमची ओहोटी आमच्या ओहोटीच्या
एक तास उशिरा येते.
माझी आई ओहोटीला शिंपल्या वेचते.
पाणी इथे पाच-सहा मीटर चढतं,
आणि ते चालत येत नाही, पळत येतं.
आई सुखरूप आहे. टोपली गेली, एक बूट गेला.
दोन वर्षांपूर्वी मी हे कळवलं होतं.
तेव्हा मला कोड लिहिता येत नव्हतं.
आता येतं, थोडंसं.’

ती जुनी तक्रार शोधून काढते.
बंद. खाली तिचंच नाव :
‘इथे तसं घडत नाही. कळवल्याबद्दल आभार.’
तक्रार आली आणि मिटली, मध्ये चार मिनिटं.

तिला आठवतं, तिने तपासलं होतं.
आपलं गाव घातलं, आपली तारीख.
उत्तर बरोबर आलं.
वर खिडकीतून धक्क्याकडेही पाहिलं असेल,
जिथे पाणी दिवसभरात वीतभर चढतं, वीतभर उतरतं,
उधाण असो की भांग,
भिजते ती तीच पायरी.
खोटं नव्हतं लिहिलं तिने.

चाचणी ती स्वतः लिहिते.
अंकुद. एप्रिलचा दुसरा आठवडा. पहाट.
जुन्या कोडवर चालवते.
लाल.

घडलं.
ओल्या भांड्यांपासून दोन हातांवर, या टेबलावर,
समुद्र एक तास आधी आत आला.

अकरा ओळी घालून पुन्हा चालवते. हिरवं.
जादा कंस काढते. नावं तशीच राहू देते :
मारेआ, ओरा.
आणि उत्तराच्या चौकटीत कितीतरी वेळ
लिहिते, खोडते.
‘क्षमस्व’ फार छोटं दिसतं.
‘तेव्हा मी’ने सुरू होणारं काहीच पुढे सरकत नाही.

शेवटी :
‘दुरुस्ती घेतली. चाचणी मी जोडली आहे, बघून घ्या.
फक्त एक शंका.
आईच्या बुटाचं माप काय?’