हातांची की बिनहातांची

वहीच्या मागच्या पानावर मी बोट काढली.
तीन खोल्या, एक सज्जा, स्वयंपाकाला छोटा चौकोन.
माणसं अकरा.
सुलक्षाचं तान्हं धरलं तर बारा,
पण त्याचे पैसे नाहीत, आग्नेल फोनवर म्हणाला,
पाच वर्षांखालचं मूल आम्ही सामानात धरतो.

शिवोलीच्या धक्क्यावरून दुपारी बाराला निघायचं,
दुसऱ्या दिवशी दहाला त्याच धक्क्यावर परत.
मध्ये एक रात्र.
एका रात्रीला एवढे? असं दिलीपभावजी म्हणाले
आणि त्याच श्वासात, एसी आहे ना?
सोमवार आला तर आई मासे खाणार नाही,
बुधवारी वेदांगचं पोहण्याचं शिबिर,
शनिवारी दर दीडपट.
आत्येला खालची खाट, आत्येला कमोड.
आत्येने स्वतः दोनच गोष्टी विचारल्या:
डास असतात का,
आणि पैठणी नेसून आलं तर चालेल का.

मी नावं भरते, खोडते, पुन्हा भरते.
जावयाला खिडकी दिली की भाऊ भिंतीकडे जातो,
भावाला खिडकी दिली की वहिनी गप्प होते.

पपा अंगणात भिरंडांची सोलं उलटी करत बसलेले.
छत्तीस वर्षं त्यांनी फेरीबोट चालवली,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
सात मिनिटांची नदी.
गॅसचे सिलिंडर, वऱ्हाडाच्या बसी,
परीक्षेला उशीर झालेली पोरं,
एकदा मधोमध बाळंत झालेली बाई.
एवढ्या वर्षांत त्या पाण्यावर ते
एकदाही बसले नाहीत.

"बोट जाते कुठं?"
कुठं नाही, पपा. फिरते आणि परत येते.
"पलीकडे कोण उतरतं?"
कोणी नाही.
त्यांनी एक सोल उलटं केलं.
"मग निघायची वेळ कशाला ठरवायची?"

थोड्या वेळाने, तारीख काय म्हणालीस?
अठरा.
अंगठ्याने पेरं मोजली, कॅलेंडरकडे पाहिलंही नाही.
"सोळाला अवस. अठराला दुपारी भरती, ठीक आहे.
पण संध्याकाळी सातला सुकती, चांगली खोल.
कडेला नांगरली तर बोट चिखलात बसेल.
विचार त्याला."

विचारलं. आग्नेल हसला.
मॅडम, तेव्हा काळोख असतो, चिखल कुणाला दिसतो?

पपा हसले नाहीत.
"दिसत नाही. तिरपा होतो.
झोपलेल्याचं डोकं खाली जातं, पाय वर.
तान्ह्याला कुठल्या बाजूला निजवणार ते बघ."

मग वही ओढून घेतली, त्याच लाल बोटांनी,
आणि माझ्या बोटीभोवती नदी काढायला लागले.
इथं वळण. इथं मानशीचं दार, ओढ असते, लांब राहायचं.
इथं खाजनाचा बांध, तिथं रेती साचलेली असणार.
तुम्ही कधी गेलाय शापोऱ्याच्या नदीत?
"नाही. ती माझी नव्हे.
पण चिखल तोच."

तेवीसला कर, म्हणाले. अष्टमी.
पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही.
तेवीसला शनिवार.
दिलीपभावजींना मी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या खोलीवर आता भिरंडाचा डाग पडलाय,
आत कुणाची नावं होती, वाचता येत नाही.
मोजून पाहिलं तर दहाच.
पपा, तुम्हांला कुठं घालू?

सोलांवर जुनी साडी पसरेपर्यंत ते बोलले नाहीत.
"चालवणारा उभा राहतो ना,
त्याच्या बाजूला एक खुर्ची ठेवायला सांग."

आग्नेलला पुन्हा फोन लावला.
आगाऊ रक्कम, अकरा माणसं, तेवीस तारीख,
आणि एक खुर्ची.
प्लास्टिकची चालेल? त्याने विचारलं.
हातांची की बिनहातांची?