चार मिनिटं तेवीस सेकंद

फॉर्मवर विचारलंय:
आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा एकूण कालावधी.
आधी लिहिलं, नऊ वर्षं.
मग जुनी वही काढून
अकरा शर्यतींची बेरीज केली.
चार मिनिटं तेवीस सेकंद.
समोरून डंपर आला की
निवती-कुडाळ एसटी याहून जास्त वेळ
नुसती वळणावर उभी असते.

वळण आमच्याकडे नव्हतंच.
किनारा सरळ, आणि जिथे वळतो तिथे
खाडीचं तोंड, गुडघाभर चिखल.
बाबलकाका तांडेल बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या मोजायचे,
ओहोटीला येऊन रापणीचा जुना दोर ताणायचे:
हे तुझे दोनशे मीटर.
भिजला की दोर आखडायचा,
म्हणून पावसाळा संपता संपता
माझी वेळ नेहमी झकास.
हे आम्हाला कळलं पुण्यात, खऱ्या ट्रॅकवर.
शेवटचे तीन मीटर
माझ्या ओळखीचे नव्हते.

कोबे, सहावी.
दोहा, सातवी, आणि दाढदुखी.
जकार्ता, चौथी. चौथीला टॉवेल मिळतो.
आवय त्या टॉवेलाने अजून भांडी पुसते.
विमानतळावरून घरी आले तेव्हा म्हणाली,
'इतक्या लांब गेलंस नि इतक्याच धावलंस?'
मी म्हटलं, होय गो, इतक्याच.
तिने बांगड्याचं तिखलं वाढलं.

मग ग्वादलाहारा.
हवा अशी, की अर्धा श्वास कुणी आधीच घेतलेला.
सातव्या लेनला मी,
आठव्या लेनला इत्सेल बारागान,
त्यांचीच पोर, म्हणजे सगळं स्टेडियम तिचं.
शर्यतीआधी बसवतात त्या खोलीत
सेफ्टी पिन शोधायला मी बॅग उघडली
आणि आवयने तळाशी कोंबलेली सुकट
तीन पिशव्या भेदून बाहेर आली.
पोलंडची मुलगी उठून लांब बसली.
इत्सेल वाकली. हुंगलं.
'कामारोन,' म्हणाली, आणि करंगळी
कोलंबीसारखी वाकवून दाखवली.
तिच्या मासात्लानला बंदरावर असाच वास येतो,
हे तिने हातांनी, नाकाने, थोडं रडवेलं हसून सांगितलं.
दोघींनी चिमूट चिमूट खाल्ली.
डाएटच्या कागदावर हे नव्हतं.

बंदूक वाजायच्या आधी ती सुटली.

एकदाच. तेवढं पुरतं.
लाल कार्ड दाखवणारा माणूस
तिच्याकडे बघत नव्हता.
ती ब्लॉकच्या मागे बसून नंबर सोडवू लागली,
माझ्याच पिना होत्या त्या.
स्टेडियम गप्प झालं,
लिलाव संपल्यावर बंदर होतं तसं.
पुन्हा बंदूक. त्या गप्पपणात मी धावले
तेवीस पूर्णांक एकाहत्तर.
माझी आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ.
आठवी लेन माझ्या उजव्या खांद्याशी
शेवटपर्यंत रिकामी धावत होती.

ती पुढे दोन फायनल धावली.
मी दोन्ही फोनवर बघितल्या, जेटीच्या टोकाला,
तिथेच काय ती रेंज येते.
दुसरीत साठ मीटरवर तिने मांडी धरली
आणि चित्र अडकलं.
तिचं तोंड उघडं, ती पडलेली नाही,
किती वेळ, ती पडलेलीच नाही.

आता बाबलकाका नाहीत. त्यांचं घड्याळ माझ्याकडे,
बटण दोनदा दाबावं लागतं.
संध्याकाळी सात पोरी येतात,
त्यांतली एक, रेश्मा खवणेकर, अनवाणी
माझ्यापेक्षा वेगात, दोर सुका असूनही.
मी काठीने लेन आखते.
आठवीही आखते. कुणी नसतं तिच्यात.

काल रात्री इत्सेलचा मेसेज,
मशीनने केलेल्या वेड्यावाकड्या मराठीत:
माझी मुले पण आता वाळू धावतात.
तुझा समुद्र किती वाजता जातो?

पंचांग आत कपाटात होतं.
मी दार उघडून अंधारात उतरले,
अनवाणी पायाने वाळू चाचपली.
अजून ओली.
थांब, लिहिलं तिला. बघून सांगते.