शेऱ्याचा रकाना

राजापूर तहसिलीच्या मागच्या खोलीत दोन वह्या निघाल्या.
एक मयतांची,
एक जैतापूर बंदरावरच्या भाताच्या वखारीची.
हात एकच: गंगाधर विसाजी सरपोतदार, कारकून.
बंदर लहान, पगार त्याहून लहान.
मेलेली माणसं आणि आलेली पोती
एकाच दौतीतून.

मोडी मी याच कामापुरती शिकले.
बाई सांगायच्या, हात उचलायचा नाही,
पाग ओढावा तशी ओळ ओढायची, एका दमात.

शके अठराशे एकवीस, मार्गशीर्ष.
आगबोट लागली, मुंबईची माणसं उतरली,
वळकट्या, ट्रंका, गोणपाटं.
वद्य पंचमीला वखारीच्या वहीत:
उंदीर मेलेले, ३. पोत्यांस भोक नाही.
मग ७. मग १९.
मग, मोजले नाहीत.

त्याला ठाऊक नव्हतं ते मला आहे:
उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडते.
तिच्या घशाशी जीवाणूंचा बोळा,
कितीही रक्त ओढलं तरी पोटात उतरत नाही,
म्हणून ती चावत सुटते.
उपाशी असते बिचारी,
असं मी एकदा सेमिनारमध्ये बोलून गेले.
कुणी हसलं नाही.

उंदरापासून माणसापर्यंत दहा-बारा दिवस.
बोट ठेवून मोजले.
पौष शुद्ध द्वितीया, मयतांची वही:
येसू तांडेल, वय तीस, ताप.
येसूची मुलगी, नाव नाही, ताप.
कासम सोलकर, ताप. कासमची आई, ताप.
खारवीवाडा, दालदीवाडा मिळून अकरा माणसं,
अकरा वेळा नुसता ताप
आणि अकराही वेळा त्या शब्दाआधी
लेखणी टेकून थांबलेली.
तांदळाच्या कणीएवढा डाग.

गाठ लिहिली असती
तर कौलं उतरली असती, अंथरुणं जळली असती,
बायकांच्या काखा परक्या हातांनी चाचपल्या असत्या,
उरलेसुरले सड्यावर, झावळ्यांच्या छावणीत.
सरपोतदारांनी ताप लिहिला.
उंदीर तेवढे खरे लिहिले.
उंदराच्या घराची कौलं कोण उतरवणार?

इथवर तो मला आवडत होता.

अष्टमीला कासमचा भाऊ हुसेन
भरतीबरोबर पडाव घेऊन खाडीनं वर गेला,
चौदा खंडी भात, राजापूर.
तापाच्या घरातल्याला कोण अडवतो?
जकात भरली. पावती आहे.
राजापूरची वही दुसऱ्याच्या हातची.
माघात एकसष्ट नोंदी.
गाठ. गाठ. गाठ.
लेखणी कुठेही टेकलेली नाही.

माझ्या तक्त्यात गाठ म्हणजे १, इतर ०, माहीत नाही ९.
सर फोनवर म्हणाले, नऊ टाक आणि पुढे जा.
पण माहीत आहे ना, सर.
शून्य टाकलं तर राजापूरची साथ आभाळातून पडते.
एक टाकलं तर आलेख देखणा येतो
आणि एक माणूस
सव्वाशे वर्षांनी पकडला जातो.

दुपारी जैतापूरला गेले.
वखारीच्या जागी बर्फाचा कारखाना,
भिंतीला टेकून एक म्हातारा जाळ्याची भोकं सांधत होता.
माझ्या हातातली वही बघून म्हणाला,
मोजायला आलीस? प्रकल्पाची काय?
नाही म्हटलं, जुनी माहिती हवी होती,
खारवीवाड्यात तेव्हा घरं किती होती, एवढंच.
त्यानं दात लावून दोरा तोडला.
"आदी सांग बाय, लिवून कोनाला देनार?"

मला पटकन उत्तर आलं नाही.
विद्यापीठाचं नाव सांगितलं तेव्हा
तो दुसऱ्या भोकाकडे वळला होता.

रात्री अकराही ठिकाणी १ टाकलं.
शेजारी एक रकाना वाढवला,
लेखणी थांबली का: होय,
खाली होय, होय, अकरा वेळा.
याचं विश्लेषण कसं करणार, सर विचारतील.
करणार नाही.
फाईल पाठवताना तो पुसू नका, एवढंच सांगेन.